घरची सुई

"ही सुई कुणाची?" यादिरानं विचारलं आणि माझ्या स्वयंपाकघरातल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या.

यादिरा नर्स आहे. आमच्या बायकांना एड्सपासून कसं वाचवायचं, याचा अभ्यास करते. आम्ही मेक्सिकोच्या, इथं फ्लोरिडात टोमॅटोच्या शेतांवर राबणाऱ्या. दवाखान्यात तोंड उघडत नाही, म्हणून ती रविवारी माझ्याकडे बैठक घ्यायची. खायला मक्याच्या पिठाचे तमाले माझे, माझ्या घरातून उपाशी कुणी जात नाही. नवऱ्यांबद्दल तिनं विचारलं तेव्हा आम्ही खिदळत सगळं सांगितलं. सुईचं कधी निघालंच नाही. आज पेला घ्यायला उठली, तर फळीवर दिसली तिला.

"घरचीच आहे," मी म्हटलं. "ही शेजारीण तोमासा ताकदीची इंजेक्शनं देते. ज्या घरची सुई त्या घरात. आम्ही काय लोकांची उष्टी सुई वापरतो होय?"

"या सुईनं कुणाकुणाला टोचलंय?"

"मला. मग नेरेओला. लेक माझा, उत्तरेतल्या सफरचंदाच्या बागांतून आलाय, नुसता काटकी झालाय. मग सुनेला."

सून इदालिया पाच महिन्यांची गरोदर. तिचा हात पोटावर गेला.

"दोन्या ओफेलिया," यादिरा मला मानानं हाक मारत हळू म्हणाली, "आजाराला काय ठाऊक, कोण घरचं नि कोण बाहेरचं?"

दारातून नेरेओ कडाडला, "म्हणजे मी तिकडे शेण खाल्लं म्हणता?"

"तुझी हाडं मोजता येतात बाबा, तुला कोण जवळ करणार!" तोमासा म्हणाली. कुणी हसलं नाही.

"मी कुणाला काही म्हणत नाही," यादिरा म्हणाली. "बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, थोडं थांबायचं. आज काही दिसलं नाही तरी पुढं पुन्हा बघावं लागेल. पण वेळेत कळलं, तर औषधानं बाळ वाचवता येतं."

इदालियानं नवऱ्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरात माझ्याआधी कुणी पाऊल टाकत नाही.

मी हात टेबलावर ठेवला. "आधी माझं."

"अगं, या वयात तुला काय होणार?" तोमासा पुटपुटली.

"तू गप. आम्हा तिघांच्या मागून तुझाही नंबर आहे."

मग इदालिया बसली. नेरेओ मात्र चौकट धरून उभाच.

"नेरेओ, बस."

तो बसला. टोचून झाल्यावर मी त्याचा हात हातात घेतला. मिसरूड फुटल्यापासून त्यानं धरू दिला नव्हता.

माझं ठीक निघालं. इदालियाचंही, आजपुरतं. तिसरी पट्टी, नेरेओची, यादिरानं पुन्हा एकदा उजेडाकडे धरली, मग खुर्ची ओढून आमच्याजवळ बसली.

मी हात सोडला नाही.