इनॉस झूक यांची सही

इनॉस झूक नियम वाचून गावात आले, हीच त्यांची पहिली चूक. पेनसिल्व्हेनिया सोडून जॉर्जियात राहायला यायचं ठरलं, तेव्हा त्यांनी राज्याचे कायदे मागवून घेतले आणि रोज जेवणानंतर बायकोला, लीडियाला, वाचून दाखवले. शस्त्रांचं प्रकरण तर दोनदा. झूक मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे. त्यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या कुणी माणसावर हत्यार उचललेलं नाही आणि घरात बंदूक ठेवत नाहीत. राज्याचं म्हणणं होतं, ठेवायची तर ठेवा, नको तर नको. झूक निर्धास्त झाले, राहतं घर विकून आमच्या टकर्स मिलला आले आणि मेन स्ट्रीटवर झुलत्या खुर्च्यांच्या दुकानासाठी जागा घेतली.

पण राज्याच्या पुस्तकात आमचं गाव कुठे आहे? चाळीस वर्षांपूर्वी दूरच्या कुठल्याशा शहराने बंदुकांवर बंदी घातली, म्हणून आमचं कौन्सिल चिडलं आणि एका बैठकीत ठराव करून मोकळं झालं: गावातल्या प्रत्येक घरात एक बंदूक असलीच पाहिजे. आजवर कुणाचं घर तपासलेलं नाही. फक्त दर जानेवारीत प्रत्येक घर एक पत्रक भरतं. त्यात एक ओळ आहे, 'माझ्या घरी ठरावाप्रमाणे बंदूक आहे', आणि खाली सही. ते पत्रक नसेल तर दुकानाचा परवाना नाही. मी, व्हर्लीन ओडम, गावची क्लार्क. सव्वीस वर्षं त्या पत्रकांवर शिक्के मारतेय.

झूक माझ्या टेबलासमोर बसले, ती ओळ वाचली आणि पेन खाली ठेवलं.

"झूककाका, ठोका सही," मी म्हटलं. "कोण बघायला येतंय तुमच्या घरी?"

"मी असतो की घरी, बाई," ते म्हणाले. "मला दिसतं."

मग म्हणाले, दंड करा. मी ठराव उलटसुलट पाहिला. रागाच्या भरात दंड लिहायचाच राहून गेला होता. शिक्षेशिवाय कायदा मोडायचा म्हणजे झूकना फुकट जेवल्यासारखं वाटायला लागलं. तोवर जागेच्या मालकाने निरोप धाडला, महिनाअखेर परवाना दाखवा, नाहीतर जागा केस कापायचं दुकान काढणाऱ्या एका बाईला देतो. परत जायला पेनसिल्व्हेनियात घर उरलेलं नव्हतं.

गाव वाईट नाही हो आमचं. बातमी पसरली तशी माणसं मदतीला धावली. चर्चमधली ग्लॅडिस गरम पीच कॉबलर, म्हणजे आमच्याकडचं भट्टीत भाजलेलं फळांचं गोड, घेऊन गेली आणि दुसऱ्या हातात सासऱ्याची शॉटगन. झूकनी कॉबलर ठेवून घेतलं, बंदूक परत दिली. शेजारच्या बडने सुचवलं, माझी रायफल तुमच्या पडवीत पाहुणी म्हणून राहू द्या, तिला जेवायला घालावं लागत नाही. आठवड्यात अकरा बंदुका दारावरून परत गेल्या आणि लीडियाच्या ओट्यावर सात कॉबलरं साठली.

शेवटी प्रकरण मंगळवारच्या बैठकीत आलं. मेयर डेल्मर प्रूइट शाळेत माझ्या शेजारच्या बाकावर बसायचा. कठीण गणित आलं की तो खिडकीबाहेर बघायचा. आताही तेच. त्याला ठराव रद्द करवेना, कारण गावच्या वेशीवर त्या ठरावाची पाटी आहे आणि नोव्हेंबरात निवडणूक.

झूक हॅट हातात धरून उभे राहिले. म्हणाले, "मला सूट नको. फक्त खोटं लिहायला लावू नका."

"इथे कुणीच खोटं लिहीत नाही, काका," डेल्मर छाती काढून म्हणाला. "बंदूक असलेल्यांनी हात वर करा बघू." आणि पहिला हात त्याने स्वतःचाच वर केला.

"तुझा कशाला वर?" पहिल्या रांगेतून त्याची बायको वांडा म्हणाली. "तू ती बोटीच्या बदल्यात दिलीस ना?"

हशा पिकला. पण हात मोजले तर साठ घरांत चौतीस. उरलेल्यांना एकाएकी छताचे पंखे फार आवडायला लागले. डेल्मरला कुणावर तरी राग काढायचा होता, तो माझ्याकडे वळला.

"व्हर्लीन, पत्रकं तू घेतेस. तुझा हात कुठाय?"

मी खोटं बोलू शकले असते, सवय होती. पण समोर तो म्हातारा हॅट धरून उभा होता, आणि मला माझीच लाज वाटली.

"चौदा वर्षं मी खोटी सही करतेय," मी म्हटलं. "केसी आजारी होता ना, त्या वर्षी मी बंदूक खाणीच्या पाण्यात टाकली."

कुणी हसलं नाही. केसी माझा मुलगा. त्या वर्षी तो महिनोन्‌महिने खोलीबाहेर आला नव्हता, हे गावाला माहीत होतं. आजार कसला, ते कुणी कधी विचारलं नाही. आता तो गावच्या गाड्या दुरुस्त करतो, त्याला दोन मुली आहेत. मी त्याला बंदूक चोरीला गेली म्हणून सांगितलं होतं, आणि त्याने बिचाऱ्या बडवर वर्षभर संशय घेतला होता. केसी मागच्या रांगेत बसला होता. त्याच्याकडे बघायचा मला धीर होईना.

तो उभा राहिला.

"आई," तो म्हणाला, "मी ती दोन दिवस शोधत होतो तेव्हा. सगळं घर उलटंपालटं केलं होतं."

डेल्मर जागेवरून उठला. त्याने मत मागितलं नाही की काही नाही, झूक यांचं पत्रक घेतलं आणि त्या ओळीवर काट मारली. मग माझ्या हातातला कोऱ्या पत्रकांचा गठ्ठा घेतला आणि एकेका पानावर काट मारत बसला.

झूकनी आपलं पत्रक पहिल्या ओळीपासून पुन्हा सगळं वाचून काढलं. मग सही केली. मी शिक्का मारायला घेतला, पण मला नीट दिसत नव्हतं, तेव्हा केसीने पुढे येऊन तो मारला.