इंजिन बसेपर्यंत

साठी उलटल्यावर दाताच्या डॉक्टरांनी पिवळीधमक, जेमतेम दोन माणसं मावतील अशी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाला 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण एकदम आठवली. त्यांच्या बायकोला मात्र ती म्हणायची सोय नव्हती, कारण तीही साठीच्या उंबरठ्यावरच उभी होती. उभा जन्म शाळेत भूगोल शिकवल्यामुळे तिला सगळे बाईच म्हणत. बाईंनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि एवढंच विचारलं, "आणि भाजी आणली तर ठेवायची कुठं?"

"तुझ्या मांडीवर," डॉक्टर म्हणाले.

गाडीची ऑर्डर देऊन वर्ष होऊन गेलं होतं. कंपनी आज देते, उद्या देते करत राहिली. मधल्या काळात डॉक्टरांनी दवाखानाही बंद केला. लोकांच्या तोंडात वाकून वाकून आता पाठ धरते, म्हणाले. बाईंना ते पटलं. इतकी वर्षं जेवायच्या वेळी दाढदुखीवाल्यांचे फोन येत, तेही थांबले, म्हणून त्यांना बरंच वाटलं.

गाडी आली आणि घराला नवे नियम लागू झाले. पहिले दीड हजार किलोमीटर तिला पळवायचं नाही. इंजिन गार असताना जोर द्यायचा नाही. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा चार हजारांच्या वर जाऊ द्यायचा नाही. फार वेळ एकाच वेगानं जायचं नाही, वेग कमीजास्त करत राहायचं. ब्रेक करकचून दाबायचा नाही. डॉक्टरांनी हे सगळं बाईंना रुग्णाला पथ्य सांगावं तसं सांगितलं.

"एवढी पळणारी गाडी घ्यायची आणि पळवायची नाही?"

"अगं, नवी चप्पल सुरुवातीला चावते ना? तसंच. आतले भाग एकमेकांना सरावले पाहिजेत. मग म्हणायचं इंजिन बसलं."

नव्याचे नऊ दिवस, असं म्हणून बाईंनी सोडून दिलं. पण नऊ दिवस कसले, महिने झाले तरी डॉक्टर गाडीला तळहाताच्या फोडासारखं जपत होते. रविवारी सकाळी, रस्ते रिकामे असताना, दोघं बाहेर पडत. बाईंना सोबत न्यायचा त्यांचा हट्टच असे. मान जराशी वळवून, कान इंजिनाकडे लावल्यासारखं करून ते चालवत. मध्येच वेग वाढवत, मध्येच एकदम कमी करत. "पुढचा सिग्नल कुठला आहे बघ गं, माझं लक्ष काट्यावर आहे," असं सांगत. मागून हॉर्न वाजले की काच खाली करून हसून म्हणत, "इंजिन नवीन आहे, जा तुम्ही पुढं!"

बाईंचा धाकटा भाऊ एकदा मुद्दाम सायकल घेऊन त्यांच्या शेजारून गेला आणि घंटी वाजवून ओरडला, "दाजी, साइड द्या!" बाई हसून हसून बेजार झाल्या. हसताना त्यांना वाटलं, या माणसानं आयुष्यभर घाई केली, आता म्हातारपणी हळू जायला शिकतोय, शिकू दे की.

दीड हजार किलोमीटर भरले तेव्हा दोघं गाडी सर्व्हिस सेंटरला घेऊन गेली. तिथल्या फोरमननं जुनं ऑइल काढून नवं भरलं, स्वतः एक फेरी मारून आला आणि खाली उतरला तो खूश होऊनच.

"डॉक्टरसाहेब, इंजिन झकास बसलंय! आता मोकळी सोडा तिला. एकदा तरी पूर्ण ताकदीनं पळू द्या, तिच्या तब्येतीलाही चांगलं असतं ते."

"हो हो," डॉक्टर म्हणाले, "पण अजून थोडे दिवस जपूनच चालवीन म्हणतो."

"आणखी कशाला जपता? अतिलाडानं इंजिनसुद्धा बिघडतं साहेब, पोरांसारखं."

डॉक्टर हसले. बाईंना ते हसणं आवडलं नाही. खोटा दात चटकन ओळखू यावा तसं ते त्यांना ओळखू आलं.

परतीच्या वाटेवर रुंद, सरळ रस्ता होता. डॉक्टर तसेच ताशी चाळीसच्या आसपास, मान तिरकी करून. पुढे एक माणूस सायकल हातात धरून रस्ता ओलांडत होता. बाईंना तो केव्हाचाच दिसत होता. डॉक्टर आता पाय काढतील, मग काढतील, असं म्हणेपर्यंत तो माणूस समोर येऊन ठेपला.

"अहो, माणूस!"

डॉक्टरांनी ब्रेक करकचून दाबला. गाडी सायकलच्या चाकाला टेकायची तेवढी राहिली. त्या माणसानं दोघांच्याही सात पिढ्यांचा उद्धार केला आणि निघून गेला. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवरचे हात काढलेच नाहीत.

"तुम्हाला दिसला नाही तो," बाई म्हणाल्या.

डॉक्टर अंगठ्यानं स्टिअरिंग घासत राहिले.

"दिसलाच नाही ना?"

"मधलं दिसत नाही," ते शेवटी म्हणाले. "डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. सरळ बघितलं की धूर असल्यासारखं होतं, कडेकडेचं तेवढं दिसतं. गाडी ऑर्डर केली तेव्हा सुरुवात होती. वाटलं, चार-पाच वर्षं तरी मिळतील. गाडी यायला वेळ लागला, डोळे जायला लागला नाही." मग त्यांना हसूच आलं, पण कोरडं. "दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. दाताच्या डॉक्टरालाच लागू पडायची होती ही म्हण."

बाईंच्या डोक्यात एकेक गोष्ट उलगडत गेली. इंजिनाकडे लावलेला कान कान नव्हताच, धुराच्या बाजूनं बघायची धडपड होती ती. बंद केलेला दवाखाना पाठीमुळे बंद केला नव्हता. हळू चालवायचे ते सगळे नियम यांना देवासारखे धावून आले होते. जगातलं दुसरं कुठलंही वाहन असं चालवलं असतं तर बायकोनं दुसऱ्याच दिवशी डोळे तपासायला नेलं असतं. आणि आपण सायकलच्या घंटीला हसत बसलो.

त्यांना भडभडून आलं, पण तोंडातून राग बाहेर पडला. "आणि तसेच चालवत होतात? रस्त्यावर लेकरं असतात लोकांची!"

"म्हणून तर चाळीसच्या वर जात नव्हतो."

"चाळीसनं माणूस मरत नाही का?"

डॉक्टरांनी किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. बाईंनी गाडी घरी आणली. त्यांना गाडी येत होती, पण सवय नव्हती; वाटेत दोनदा बंद पाडली.

मग घरात अबोला आला. बाईंचा राग खोटं बोलल्याचा होता, माणूस थोडक्यात वाचल्याचा होता, आणि सगळ्यात जास्त याचा होता की एवढी मोठी गोष्ट या माणसानं एकट्यानं सोसली. डॉक्टरांनी त्या अबोल्यातच गाडी विकायचं ठरवून टाकलं. एका गिऱ्हाइकाशी बोलणं झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गाडी न्यायला येणार होता.

"नवीकोरी आहे हो," फोनवर डॉक्टर त्याला सांगत होते, "एकदासुद्धा जोरात चालवलेली नाही."

हे वाक्य बाईंनी स्वयंपाकघरातून ऐकलं आणि हातातलं भांडं ओट्यावर ठेवलं. विकायला त्यांची ना नव्हती. पण या माणसानं दीड हजार किलोमीटर त्या इंजिनाची सेवा करायची आणि पळताना गाडी कशी असते ते भलत्यानंच अनुभवायचं, हे काही त्यांच्या मनाला पटेना.

सकाळी चहा झाल्यावर त्या किल्ली घेऊन दारात उभ्या राहिल्या. "चला."

"कुठं?"

"मोठ्या रस्त्याला. चालवणार मी. तुम्ही फक्त बसायचं."

"अगं, तुला वेगाची भीती वाटते. जत्रेतल्या पाळण्यात तू डोळे मिटून बसतेस."

"मग मी भ्यायल्यावर तुम्हाला काय त्रास आहे? चला म्हटलं ना."

मोठा रस्ता सकाळच्या उन्हात जवळजवळ मोकळा पडला होता. तिथं एकशेवीसपर्यंत जायची मुभा होती. डॉक्टर डोळे मिटून बसले होते आणि इंजिनाच्या आवाजावरून बाईंना सांगत होते. "आता तिसरा गिअर टाक... थांब, थोडं ओढू दे... हं, आता चौथा." काट्याकडे न बघता त्यांचं इतकं अचूक येत होतं, की बाईंना काट्याकडे बघावंच लागत नव्हतं.

"आता दाब," डॉक्टर म्हणाले.

बाईंनी दाबला. गाडी पुढं झेपावली. दोन्ही बाजूंचे खांब भराभर मागं जाऊ लागले आणि पाय आपोआप सैल पडला. वेगाचा काटा ऐंशीवर घुटमळत राहिला. ऐंशी म्हणजे त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात जास्त वेग होता. याच्या पुढं त्यांचा पाय जाईना.

"किती झाला?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. मिटलेले डोळे, पुढं झुकलेली मान, आणि चेहऱ्यावर बक्षिसाची वाट बघणाऱ्या पोराची उत्सुकता. शाळेत कधी अर्धा गुण फुकट न दिलेल्या बाई म्हणाल्या, "एकशेवीस."

डॉक्टर हलकेच हसले, आणि हे हसणं खरं होतं.

"बापरे! एकशेवीस!" ते म्हणाले. "बास गं, खूप झालं. माझी हौस फिटली. कर आता हळू."

ज्या माणसाला गिअर कधी बदलायचा हे नुसत्या आवाजावरून कळत होतं, त्याला ऐंशी आणि एकशेवीस यांतला फरक कळला नसेल? बाईंना ते समजलं आणि समोरचा रस्ता डोळ्यांतल्या पाण्यानं हलल्यासारखा झाला. त्यांनी मनगटानं डोळे पुसले. इतके महिने यानं मला फसवलं, आज मी याला फसवलं, आणि माझी लाज राखायला हा फसल्याचं सोंग करतोय.

"सीट नीट धरा," त्या म्हणाल्या.

"अगं, नको. राहू दे. खरंच राहू दे."

"गप्प बसा हो!"

बाईंनी दात आवळले आणि पाय खालपर्यंत दाबला. इंजिनाचा आवाज बदलला. तो घोगरेपणा सोडून वर चढत गेला, इतका भरून आला की डॉक्टरांनी श्वास घेतलेला बाईंना ऐकू आला नाही, नुसती छाती हललेली दिसली. घाबरून बाईंच्या तोंडून "आई गं" निघालं, पण पाय हलला नाही. डॉक्टरांनी हात पुढं केला, गिअरवरच्या बाईंच्या हातावर ठेवला आणि तसाच राहू दिला.

या वेळी त्यांनी आकडा विचारला नाही, आणि बाईंनीही सांगितला नाही.