वजन घ्यायचं नाही

मी उज्ज्वलाच्या डाव्या मांडीतून बोलतेय. तिच्या गावात, चकलांब्यात, मला सगळे रॉड म्हणतात. "धुळाजीच्या पोरीच्या पायात रॉड टाकलाय," असं. मी रॉड नाही. रॉड हाडाच्या पोकळीत जातो. मी हाडाला बाहेरून धरून बसलेली पोलादाची पट्टी आहे, वीतभर लांबीची आणि आठ भोकांची. पण इकडे हाडात काहीही घातलं तरी त्याला रॉडच म्हणतात. मला तोंड नाही, त्यामुळे कुणाची चूक दुरुस्त करणं मला कधी जमलेलं नाही. नावाच्या बाबतीत त्याचं काही वाटत नाही, पण पुढे जे झालं त्याचं फार वाटतं.

माझा जन्म गुजरातेतल्या एका कारखान्यातला. तापवली, ठोकली, घासली, पाकिटात भरली आणि बीडच्या एका दवाखान्याच्या कपाटात येऊन पडले. शेजारच्या पट्ट्या मोटारसायकलवरून पडलेल्यांच्या हाडांवर जायच्या. माझी निवड झाली ती धडधाकट हाड मुद्दाम कापून सरळ करायच्या कामासाठी. मला त्याचा गर्व वाटला होता. आता सांगायला लाज वाटते.

उज्ज्वला बावीस वर्षांची. बाप धुळाजी मेंढरं राखतो, आई सारजाबाई त्याच्याबरोबर रानोमाळ फिरलेली. लहानपणी उज्ज्वला सामानाच्या घोड्यावरून पडली. गुडघ्याच्या वर लागलं होतं. हाड जुळलं, पण वाढता वाढता पाय गुडघ्यात आत झुकला. त्याच पायाने ती मेंढरांमागे पळाली, आणि त्याच पायाने पोलीस भरतीच्या ग्राउंडवर आठशे मीटरही पळाली. पेपरही चांगला गेला. राहिलं होतं मेडिकल.

मेडिकलला डॉक्टरबाईंनी तिला भिंतीपाशी उभं केलं. गुडघे जोड म्हणाल्या, तिने जोडले. घोटे जोड म्हणाल्या, ते जुळेनात. मध्ये चार बोटं अंतर राहिलं. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

पुढच्या भरतीआधी ती चार बोटं मिटावीत म्हणून मला बोलावलं गेलं.

ऑपरेशन चांगलं झालं, हे मी छातीठोक सांगते. मोठ्या डॉक्टरांनी मांडीचं हाड गुडघ्याच्या वर बाहेरून कापलं, पण पलीकडच्या कडेला तुटू दिलं नाही. मग बोटभर फट उघडली. एक तार खुब्यापासून घोट्यापर्यंत ताणून धरली आणि मशीनवर पाहिलं. गवंडी ओळंबा लावून भिंत बघतो तसं ते बघणं होतं. तार बरोबर गुडघ्याच्या मध्यातून गेली. "वा!" ते म्हणाले, आणि मला फटीवर बसवून स्क्रू आवळले.

फट नव्या हाडाने भरायला दोन-तीन महिने लागणार होते. तोवर ती उघडी धरून ठेवायची, एवढंच माझं काम. पण माझ्या एकटीच्या जिवावर अख्ख्या माणसाचा भार पेलवत नाही. म्हणून पाय जमिनीवर टेकवायचा नसतो. सगळं त्यावर अवलंबून असतं.

घरी सोडायच्या दिवशी छोटे डॉक्टर आले. त्यांना पुढे अकरा पेशंट बघायचे होते. कागदावर त्यांनी इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली.

"याचा अर्थ काय, सर?" उज्ज्वलाने विचारलं.

"दोन महिने वजन घ्यायचं नाही. अजिबात नाही. आणि गुडघा हलवत राहा, नाहीतर आखडेल. समजलं?"

"समजलं सायेब," धुळाजी हात जोडून म्हणाला. "एक काडी बी उचलू देत न्हाई तिला."

तोपर्यंत छोटे डॉक्टर शेजारच्या खाटेपाशी गेले होते.

मी ते ऐकलं. हाडाला चिकटून बसलं की सगळं ऐकू येतं. मला वाटलं, आता कुणीतरी हसेल आणि म्हणेल, अहो तसं नाही. नर्स सलाईनची नळी गुंडाळत होती.

त्या घराने डॉक्टरांचा शब्द जसा पाळला, तसा मी कुणी पाळलेला पाहिला नाही. सारजाबाई दोन हंडे स्वतः आणायची, तिसऱ्या खेपेला मान धरून बसायची, पण उज्ज्वलाच्या हातात तांब्या द्यायची नाही. जेवणाचं ताट तिच्यापुढे यायचं आणि पुढूनच उचललं जायचं. एकदा नुकतं जन्मलेलं कोकरू तिने मांडीवर घ्यायला हात पुढे केला, तर धुळाजी ओरडला, "वजन घिऊ नकू म्हनलं ना!" तिने हात मागे घेतला. तळहातावरच्या फोडासारखं जपलं त्यांनी तिला.

आणि ती चालत होती.

दवाखान्यातून मिळालेला वॉकर आठवडाभर वापरला. तो पडायच्या भीतीसाठी असतो, अशी त्यांची समजूत. शिवाय अंगणात दगडगोटे, वॉकर अडकायचा. मग तो कुडाला टेकवून ठेवला, आणि सारजाबाई त्याच्यावर गोधड्या वाळत घालू लागली. उज्ज्वला रिकाम्या हाताने पारापर्यंत जायची, मग फाट्यापर्यंत. गुडघा आखडू द्यायचा नव्हता ना! दुखायचं. दात आवळून ती आईला सांगायची, "दुखतंय म्हंजे सरळ व्हतंय. ग्राउंडला बी असंच दुखायचं."

टाके बीडला न जाता जवळच्या गेवराईतच काढून घेतले. काढणाऱ्याने जखम पाहिली, मस्त भरलीय म्हणाला.

तिसऱ्या आठवड्यात माझा खालचा स्क्रू सैल झाला. पाचव्या आठवड्यात मी वाकले. पोलाद वाकत नाही असं माणसं समजतात. एकदम वाकत नाही, पण रोज थोडं थोडं वाकतं. तिच्या प्रत्येक पावलाला फट मिटत होती आणि मी आतून ओरडत होते, पोरी, बस खाली. तिला त्याची फक्त कळ जाणवायची, आणि कळ आली की ती आणखी दहा पावलं टाकायची. जिद्दीची पोर होती. एखादी आळशी असती तर आज तिचा पाय सरळ असता.

दोन महिन्यांनी ते बीडला आले. एसटी स्टँडपासून दवाखान्यापर्यंत उज्ज्वला पायी आली. मागे धुळाजी, दोन्ही खांद्यांना पिशव्या, हातात तिची पाण्याची बाटली, काखेत तिची पर्स. पायाचा नवा एक्स-रे फोटो काढला, त्याचं पाकीटसुद्धा त्याने तिच्या हाती दिलं नाही.

मोठ्या डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला आणि बराच वेळ खाली घेतला नाही.

"वजन कधीपासून घेतलं?" त्यांनी विचारलं.

"कुटं घेतलं सायेब?" धुळाजी म्हणाला. "तांब्या बी उचलला न्हाई पोरीनं. देवाशपथ. तिच्या मायची मान गेली पानी आनून आनून."

"मग आत्ता इथे कशी आली?"

"चालत की. रोज चालतीया. फाट्यापोतर जाती, हात रिकामे ठिवून."

डॉक्टर खुर्चीत बसले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. हळू आवाजात म्हणाले, "अहो, वजन म्हणजे ओझं नाही. अंगाचं वजन. पाय टेकवायचाच नव्हता."

धुळाजीने खांद्यावरच्या पिशव्या खाली ठेवल्या. "मंग तसं म्हनायचं ना सायेब," तो म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "पाय टेकू नकू म्हनले असते, तर खांद्यावर घिऊन फिरलो असतो तिला."

डॉक्टरांनी चष्मा परत चढवला आणि फोटो पुन्हा उजेडावर धरला.

हाड जुळलं होतं, पण मिटून, पहिल्यासारखंच आत झुकलेलं. परत कापता येईल, डॉक्टर म्हणाले, पण स्क्रूंच्या भोकांनी हाड आधीच कमजोर झालंय, आणि दुसऱ्यांदा कापलेला पाय भरतीच्या मेडिकलला पास होईल असं खोटं ते सांगणार नव्हते. उज्ज्वलाने मान डोलावली. बाहेर बाकावर बसून तिने गुडघे जोडले आणि खाली वाकून घोट्यांमध्ये बोटं घातली. चारच भरली.

घरी सारजाबाई रडली, आणि रडता रडता बोलून गेली, "तू तरी शिकलेली व्हतीस. तुला बी कळू नये?"

"वजन म्हंजे वजनच की आई," उज्ज्वला म्हणाली.

मी अजून तिच्या मांडीतच आहे, वाकलेली. मला काढायला कुणी नेणार नाही आणि मीही आता तशी आशा धरलेली नाही. थंडी पडली की मी ठणकते, तेव्हा ती माझ्यावर तळहात ठेवते. मी शत्रू नाही, एवढं तिला कळावं असं वाटतं, पण ते तरी कशावरून कळणार? एकच मागणं आहे, आणि ते तुमच्याकडे, कारण तुम्हाला तोंड आहे. समजलं का असं विचारलं, की हो म्हणू नका. काय समजलं ते बोलून दाखवा. आणि ते ऐकून घेतल्याशिवाय पुढच्या खाटेकडे जाऊ नका.

परवा दुपारी सारजाबाई मान धरून हंड्यापाशी बसली होती. उज्ज्वला उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि भरलेला हंडा उचलला.

"ए, वजन घिऊ..." धुळाजी सवयीने ओरडला आणि मध्येच थांबला. मग म्हणाला, "घी बाई. आता घी."

ती डावा पाय टेकत निघाली, आणि तिचं आणि हंड्याचं, सगळं वजन माझ्यावर आलं.