चिवट पोलाद

"आधी हे सांग, कापायचं काय?" तातेरावांनी विचारलं.

"दोर."

"नुसता दोर?"

अंगद जरा घुटमळला. विहिरीत उतरून पाण्याच्या मोटारी काढण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. खाली गेल्यावर हातातल्या सुरीला काय काय करावं लागतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. "कवा कवा उचकटाया बी लागतं, मामा."

तातेराव हसले. जालन्याच्या एमआयडीसीत, रोलिंग मिलमध्ये त्यांनी उभा जन्म सळया वाकवून तपासण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यावर घरात बसून बायकोच्या कामात लुडबुड करण्यापेक्षा बरं, म्हणून ते मागच्या शेडमध्ये सुऱ्या बनवू लागले. सुरी उचकटायला नसते, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत आणि एकही गिऱ्हाईक ते मनावर घेत नसे.

त्यांनी दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या पुढे ठेवल्या. "ही डी-टू. धार लई दिवस टिकती, पन आडवा जोर दिला की खटकन जाती. अन् ही थ्री-व्ही, भायेरून मागवलेली. तेल न्हाई लावलं तं डाग पडतेत, पन बघ." त्यांनी ती पट्टी शिकंज्यात आवळली आणि चांगली वाकवली. सोडल्याबरोबर ती सरळ झाली. "कडक येगळं, चिवट येगळं. लोकं हितंच फसतेत."

"मंग चिवटच द्या."

सुरीचं ठरलं, तरी अंगद उठेना. त्यानं पिशवीतून तेलकट फडकं काढलं. आत अर्धं पातं मोडलेली सुरी होती.

वैशाखात तीर्थपुरीजवळच्या एका विहिरीत पाइप घसरला आणि त्याच्या जोडीदाराचा, कचरूचा पाय दोराच्या फासात सापडला. अंगदनं दोर कापला, पण शेवटचा पीळ पाइपाच्या क्लॅम्पखाली दबला होता. त्यात पातं घालून त्यानं जोर लावला आणि पातं मोडलं. वरून दुसरी सुरी येईपर्यंत उशीर झाला. कचरूचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तेव्हापासून अंगद एकाही विहिरीत उतरला नव्हता.

"खरं सांगा मामा. माझाच जोर चुकला का?"

तातेराव सुरी घेऊन दारापाशी उजेडात गेले. भिंग लावून बराच वेळ बघत राहिले.

"हिकडं ये. ही चकाकती ती ताजी मोड. अन् धारंकडचा हा काळा भाग दिसला? ही जुनी चीर हाय. पानी शिरून काळी पडली. सुरी आधीच तडकल्ती, अंगद. कुनी उचकटलं व्हतं का हिनं?"

अंगदला धावडा गावची विहीर आठवली. दिवाळीच्या आसपासचं काम होतं. पाइपाच्या सांध्याचं अडकलेलं कपलिंग निघेना म्हणून कचरूनं त्याच्याकडून सुरी मागून घेतली होती. कट्‌ असा आवाज झाला. "काई न्हाई झालं गड्या," म्हणत त्यानं ती पुसून परत दिली होती.

परतताना अंगदला हलकं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर आनंद झाला. तीन महिने जीव नुसता जळत होता त्याचा. हे कचरूला कसं सांगायचं, याची वाक्यंसुद्धा त्यानं गाडीवर जुळवली.

कचरू ओसरीत बाजेवर बसला होता, पॅन्टचा एक पाय दुमडलेला. त्याची बायको दोघांना चहा देऊन आत गेली.

"काय म्हनला जालन्याचा मिस्तरी?" कचरूनं विचारलं. तो कपाकडेच बघत होता. "सुरी कशानं मोडली म्हनला?"

त्याचा आवाज ऐकला आणि अंगदच्या लक्षात आलं. धावड्याचा तो आवाज यालाही आठवत होता. रोज आठवत असणार. पाय गेला होता, वर हे ओझं. 

"माझाच जोर चुकला म्हनला," अंगद म्हणाला. "आडवा दिल्ता म्या. सुरी बराबर व्हती."

कचरूनं मान वर केली. अंगदची नजर मात्र कपात होती. मग कचरूनं आपल्या कपातला अर्धा चहा बशीत ओतला आणि बशी अंगदपुढे धरली.