डोकी कापणारा कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुना डबा-कॅमेरा आहे. डबा म्हटले म्हणून हसू नका. काळा चौकोनी पत्रा, पुढे बटणाएवढे भिंग, मागे नंबर पाहायला तांबडी काच, एवढाच माझा संसार. ज्याने मला घडवले त्याने जन्मात कधी फोटो काढला नसावा, अशी माझी खात्री आहे. माझ्या वरच्या काचेत माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, पण फोटोत डोकेच येत नाही. माझा खटका तर खाली दाबला तरी फोटो निघतो आणि वर सारला तरी निघतो. आता याला काय म्हणावे, तुम्हीच सांगा.

१९५६ साली प्रकाशा गावच्या रतिलालने मला सुरतेहून आणले. तापीकाठी त्याची केळीची बाग होती. वाफ्याचे दार उघडायचे, पाणी भरले की लावायचे, यात त्याचा जन्म गेला होता. तीच सवय त्याने मला लावली. खटका खाली दाबला की तो नेमाने परत जागेवर सारायचा. झाले, एका फोटोवर दुसरा फोटो! घरची म्हैस सहा पायांची निघाली आणि मामांना चार मिशा फुटल्या. नंदुरबारचा फोटोवाला पोट धरधरून हसला.

अखेर रतिलालची बायको वत्सलाबाई हिने कान देऊन ऐकले.

"तुम्ही दोनदा कसाले दाबतस? एकदाव टक् व्हयनं का हात काढी ल्या."

"उघडेल दार लावनं पडस ना," रतिलाल म्हणाला.

"हाई केळीनं वावर नही शे," ती म्हणाली.

त्या दिवसापासून माझे दिवस पालटले. डोक्यांवरही उपाय सापडला : माणसाच्या वर वीतभर रिकामे आभाळ धरायचे. मग लग्नात, यात्रेत मला मान मिळू लागला. खरे सांगतो, मी थोडा फुगलोही.

रतिलालच्या बागेत डोंगरातल्या काठी गावचा खात्या आणि त्याची बायको कालीबाई कामाला होती. पोर सुखरूप झाले तर होळीत साज चढवून नाचेन, असा खात्याचा नवस होता. १९६१ साली होळीच्या पाच दिवस आधी त्यांना मुलगी झाली. खात्या काठीला निघाला, पण बाळंतीण डोंगर कशी चढणार? नवसात काही उणे राहू नये, हा घोर कालीबाईला लागला होता.

"भाऊ, मी ते जाई शकत नही," ती रतिलालला म्हणाली. "नवस कसा फिटना, ते माले देखाड."

रतिलालने शब्द दिला आणि मला घेऊन तोही काठीला निघाला. आठ फोटोंच्या रोलमधले सात त्याने हौसेने वाटेतच उडवले. उरला एक. रात्रभर नाचून खात्या सकाळच्या उन्हात उभा राहिला. अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर हातभर उंच मोरपिसांची टोपी. वत्सलाबाईचे बोल आठवून रतिलालने सगळे लक्ष अंगठ्यावर ठेवले. एकच टक् झाले. त्याने हात काढला आणि सुटकेचा श्वास टाकला. वीतभर आभाळ मात्र तो साफ विसरला होता.

फोटो धुऊन आला. छाती, कंबर, पाय, सगळे लख्ख. टोपी नाही, तोंडही नाही. रतिलालला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "फोटो आला नाही" असे सांगून त्याने चार दिवस कालीबाईला टाळले. पाचव्या दिवशी धुण्याच्या सदऱ्यात वत्सलाबाईला तो फोटो सापडला, आणि तिने नवऱ्याला फोटोसकट झोपडीवर पिटाळले.

कालीबाईने फोटो हातात घेतला. खात्याच्या कंबरेला वाळलेल्या दुधींचा पट्टा होता, तिने दिवस भरत आले असताना ओवलेला. एकेका दुधीवर बोट ठेवून तिने सगळ्या मोजल्या. मग ती हसली.

"तोंड ते मी रोज देखस, भाऊ. मी ओवेल पट्टा रातभर टिकना का नही, तोच घोर व्हता. एक बी दुधी तुटनी नही."

रतिलालही हसू लागला. माझ्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा दिवस तोच.

आज सात वर्षे झाली. घरात नवा कॅमेरा आला आणि मी कोनाड्यात गेलो. कुंभारमाशीने माझ्या भिंगावर मातीचे घर बांधले. पण कालीबाईची तेव्हा झालेली मुलगी सोनी कधीमधी येते. बापाचे डोके कुठे गेले, असे तिला कुणी विचारले तर ती सांगते, "डबामा राही गयं." मग ती माती खरवडते, झग्याने भिंग पुसते आणि आत डोकावून ते शोधते.

मित्रांनो, जुन्या वस्तूंवरून असा हात फिरवत जा. आणि हातून एखादे काम बिघडले तर लाजेने लपवू नका, ज्याच्यासाठी केले त्याला आधी दाखवा. त्याला त्यात काय पाहायचे असते, हे आपल्याला कुठे ठाऊक असते?