कोरडी जागा

मय्यतीला आंघोळ घालायचं काम ती इतकी वर्षं करत आली होती की, लग्नघरी जरा लवकर पोचली तर बायका चेष्टेने म्हणायच्या, बाई गं, तू आपली उशिराच येत जा. तीही हसायची. भीती अशी तिला कधी वाटली नाही. अंगावर चादर राहू द्यायची, हाताला कापड गुंडाळायचं, आधी वुजू, म्हणजे नमाजाआधी करतात तसं हात-तोंड-पाय धुणं, मग उजवी बाजू, मग डावी. केसाएवढीही जागा कोरडी राहता कामा नये, आणि जे दिसेल ते बाहेर कुणापाशी बोलायचं नाही, एवढं सांभाळलं की झालं. आज मात्र फळीवर तिची मोठी जाऊ होती, आणि सकाळपासून हिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

जावेनेच बजावून ठेवलं होतं, मला हिच्याशिवाय दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आता याला काय म्हणावं! ज्या दिवशी हिची आई गेली, त्या दिवशी जावेच्या मुलीला बघायला पाहुणे आले होते. निरोपाचा फोन जावेने घेतला आणि पाहुण्यांची जेवणं उरकेपर्यंत तोंडातून अवाक्षर काढलं नाही. साऱ्या गावच्या आयाबहिणींना आंघोळ घालणारी ही, माहेरी पोचली तेव्हा आईला नेऊनही झालं होतं. त्या दिवसापासून दोघींमध्ये कामापुरतं बोलणं. गेल्या आठवड्यात जावेने खाटेवरून, चारचौघांसमोर, तिचा हात घट्ट धरून माफी मागितली; माणसाने माफ केल्याशिवाय अल्लाही ते माफ करत नाही, एवढं तर दोघींना ठाऊक होतं. सगळे हिच्या तोंडाकडे बघत होते. ही म्हणाली, केलं माफ. म्हणायचं म्हणून म्हणाली, पोटात एक आणि ओठात एक.

जावेची मुलगी तांब्याने पाणी ओतत होती आणि ही हात फिरवत होती. वुजूसाठी उजवा हात उचलला तेव्हा तळव्यावरून पाणी ओघळून गेलं. तळवा तसाच. तिला वाटलं, दुखण्यात चोळलेल्या मलमाचा थर असेल. साबण लावला, धुतला, पुन्हा पाणी घातलं. बोटं भिजली, मनगट भिजलं, मधला तळवा उन्हात वाळत घातलेल्या कापडासारखा कोरडा ठणठणीत.

"अजून ओत," ती म्हणाली.

मुलीने ओतलं आणि हळूच म्हणाली, "भिजलाय की गं काकी."

तिने मुलीकडे पाहिलं, मग तळव्याकडे. आपल्यालाच भ्रम झाला म्हणावं, तर बोटाला कोरडेपणा लख्ख कळत होता. तिने उरलेली सगळी आंघोळ नीट केली आणि पुन्हा त्याच हाताशी आली. दाराबाहेरून दिराने आवाज दिला, जनाज्याच्या नमाजाला जमात उभी राहायची वेळ होत आली, आटपा. अशीच पाठवली तर जाऊ अपुऱ्या आंघोळीनेच जाईल, आणि ते हिच्याशिवाय कुणालाही कळणार नाही. शेवटचं कापराचं पाणी आणायला तिने मुलीला आत पिटाळलं.

मग जावेच्या कानाशी वाकून म्हणाली, माफ केलं. पाणी घातलं. कोरडं. पुन्हा म्हणाली, अगदी मनावर दगड ठेवून म्हणाली. पाणी ओघळून फळीवर गेलं. एकाएकी तिला रडूच फुटलं, रागाचं, थकव्याचं, आणि आईचं.

"नाही केलं माफ," ती कुजबुजली. "खोटं बोलले मी तेव्हा. मला जमत नाही गं. कधी जमेलसं वाटतही नाही."

पाणी तळव्यात उतरलं. रेघारेघांतून पसरलं, बोटांच्या बेचक्यांत जमलं, आणि सगळा हात साध्या माणसाच्या हातासारखा ओला दिसू लागला.

तिने सुटकेचा श्वास टाकला. मुलगी कापराचं गारेगार पाणी घेऊन आली. ते घातलं, अंग टिपलं, केस सारखे केले, कफनाची कापडं अंथरली. आता तिचा हात झपाझप चालत होता. चेहरा झाकायच्या आधी मुलगी आईकडे बघत राहिली.

"काकी, डोळ्याच्या कोपऱ्यात पाणी राहिलंय."

तिने टिपलं. क्षणभराने कोपरा पुन्हा भरला. दुसऱ्या डोळ्याचाही.

"राहतं कधीकधी," ती म्हणाली आणि टॉवेलची कोरडी घडी तिथे दाबून धरली. बाहेर माणसं खांदा द्यायला उभी राहिली होती. घडी हळूहळू भिजत गेली, आणि तिच्या बोटांना लागलेलं पाणी ऊन होतं.