डावीकडची टाकी

माझी बायको पाणीपुरवठा केंद्रात वरच्या खोलीत बसायची. तिच्यापुढे दोन स्क्रीन. डाव्या स्क्रीनवर डावीकडच्या टाकीची विंडो, उजव्या स्क्रीनवर उजवीकडच्या. काचेतून खाली पाहिलं की टाक्याही त्याच क्रमाने दिसतात. दोन्ही विंडो दिसायला सारख्याच. टाकीचं नाव वर बारीक अक्षरांत असतं, ते कोणी वाचत नसे. जागा बघायची आणि बटण दाबायचं. ती गेल्यावर मला वर बसवलं. मी मूळचा खालचा फिटर. तिने लावून ठेवलेलं मी काही हलवलं नव्हतं.

त्या सकाळी डावीकडची टाकी रिकामी केली होती आणि माझा मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, गाळ काढायला आत उतरणार होता. उतरण्याआधी पाणी येणाऱ्या पाइपचं चाक हाताने बंद करायचं असतं. ते फार जड फिरतं, म्हणून तो टाळायचा.

"चाक बंद कर रे," मी वॉकीटॉकीवर म्हणालो.

"उगाच कशाला घाम काढता, भाऊजी? ताई असताना कधी केलं नाही. आता तुम्ही आहात ना वर."

"मी म्हणजे ताई नाही."

"ते दिसतंच की. ती निदान चहाला तरी विचारायची."

मला हसू आलं. वॉकीटॉकी झाकणाजवळ ठेवून तो आत उतरला. मी दोघांसाठी चहा आणायला गेलो.

परत आलो तर दोन्ही स्क्रीन काळ्या. झोपल्या होत्या. माऊस हलवला. आधी उजवी जागी झाली, मग सावकाश डावी. दोन्हींवर एकेक विंडो होती. सगळं जागच्या जागी आहे, असं मला वाटलं. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, उजवीकडची टाकी भरायला घ्या. मी उजव्या स्क्रीनवरचं बटण दाबलं.

पाण्याची निळी पट्टी चढायला लागली. मी बघत होतो. मग लक्षात आलं. पट्टी तळापासून चढत होती. उजवीकडची टाकी तर अर्धी भरलेली होती. रिकामी एकच होती, डावीकडची. स्क्रीन जाग्या होताना विंडोंची अदलाबदल झाली होती.

मी माऊसवर झडप घातली. त्या गडबडीत केबलला हिसका बसला आणि उजवी स्क्रीन बंद पडली. दोन्ही विंडो डावीवर एकीवर एक येऊन पडल्या. बंद करायचं बटण स्क्रीनच्या कडेबाहेर गेलं. एक ओढली की दुसरी वर यायची. वॉकीटॉकीत ओरडलो. खाली झाकणापाशी माझाच आवाज वाजला असणार.

जिना कसा उतरलो, आठवत नाही. टाकीतली शिडी पाइपच्या तोंडाखालीच आहे. पाणी सुटलं की तिच्यावर पाय ठरत नाही. झाकणातून नुसता पाण्याचा आवाज येत होता. मी हाक मारली नाही. उत्तर आलं नसतं तर पुढे माझे हात चालले नसते.

चाक हलेना. पाना अडकवून अंगाचा सगळा भार टाकला, तेव्हा हललं. फिरवत राहिलो. तळहाताची सालटी निघाली. डोक्यात एकच होतं, सासूबाईंना काय सांगू? लेक गेलीच आहे त्यांची.

आवाज कमी होत होत थांबला. मग आतून खोकला ऐकू आला.

"भाऊजी, अंघोळ घालायची होती तर साबण तरी द्यायचा."

तो वर आला तेव्हा छातीपर्यंत भिजलेला होता. हसत होता, पण दात वाजत होते. माझा दंड त्याने धरला तो सोडेना.

"आईला सांगू नका."

"नाही सांगत."

आता मी विंडोवरचं नाव मोठ्याने वाचतो आणि मगच बटण दाबतो. तरी पट्टी हलली की आधी काचेतून खाली बघतो.

गेल्या आठवड्यात उजवीकडची टाकी साफ करायची होती. वॉकीटॉकी खरखरली.

"चाक बंद केलंय. कुलूप लावलंय. किल्ली माझ्या खिशात आहे," मेहुणा म्हणाला. मग विचारलं, "वर कोण आहे?"

"मीच."

"बरं," तो म्हणाला.

काचेतून तो मला दिसत होता. झाकण उघडं होतं. बराच वेळ तो तसाच कडेला उभा राहिला, आत उतरला नाही.